डोंगर चढून होईल, पैसे पोचतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी चार वर्षं लीड्सला आहे, हॉस्पिटलमध्ये नर्स. वॉर्डातल्या आम्ही पाच जणी जूनमध्ये यॉर्कशायर थ्री पीक्स, म्हणजे एका दिवसात तीन डोंगर, करायचं म्हणतोय. माझ्या माहेरच्या तालुक्यात एक अनाथाश्रम आहे, चाळीसेक मुलं. या चढाईच्या निमित्तानं त्यांच्यासाठी पाच हजार पौंड देणग्या जमवायच्यात. गोफंडमीवर, त्या ऑनलाइन देणग्या गोळा करायच्या संकेतस्थळावर, पान काढू का? पैसे सरळ संस्थेच्या खात्यात टाकता येतील का? आणि एक मैत्रीण म्हणते थ्री पीक्सला कोण विचारतंय, किलीमांजारो करा, मग लोक पैसे देतात. हे खरं का?"

तुम्ही विचारलेत तीन प्रश्न. त्यांतला अवघड एकच, आणि तो डोंगराचा नाही. डोंगर तुम्ही पाची जणी चढाल. बारा तास वॉर्डात उभं राहणाऱ्या बाईला चालण्याचं भय घालण्यात अर्थ नाही. पाच हजारही जमतील. प्रश्न आहे तो हे पैसे लीड्सहून तुमच्या तालुक्यात कायदेशीर वाटेनं पोचणार कसे, आणि पोचल्यावर नेमक्या कुठल्या मुलांच्या कामी येणार. बहुतेक जण डोंगरापासून सुरुवात करतात आणि या प्रश्नाला शेवटी हात घालतात. मीही तेच केलं होतं.

मी ब्रॅडफर्डला हिशेबाचं काम करते, सतरा वर्षं झाली. इथल्या एका छोट्या नोंदणीकृत चॅरिटीची खजिनदार आहे. पगारी माणूस एकही नाही, बैठका आळीपाळीनं एकेकाच्या स्वयंपाकघरात. थ्री पीक्स चार वेळा केलंय, त्यांतलं एकदा अर्धवट. पहिल्यांदा केलं २०१२ साली, आम्ही चौघींनी. पैसे माझ्या चालू खात्यात घेतले. वही ठेवली होती, गणपतीच्या वर्गणीची असते तशी: नाव, आकडा, सही. जमले तीन हजार एकशे चाळीस पौंड, आणि ते मी अभिमानानं सांगली जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या खात्यावर पाठवून दिले.

आठ दिवसांनी संस्थेच्या चिटणिसांचा फोन. "ताई, बँकेचे मॅनेजर म्हणतायत हा परदेशी पैसा आहे, आम्हाला घेता येत नाही." मला वाटलं मॅनेजरच आडमुठा. तो बरोबर होता. पैसे परत यायला अडीच महिने लागले. बँकांची आकारणी आणि दरातला फरक मिळून एकशे अठ्ठ्याण्णव पौंड गळाले. ते मी खिशातून भरले, त्याचं काही नाही. पण माझ्या शब्दावर भरवसा ठेवून संस्थेनं पावसाळ्याआधी छपराचे पत्रे बदलून घेतले होते. पत्रेवाला उधारीसाठी रोज त्यांच्या दारात येऊन बसायचा. माझ्या दारात नाही.

तर आधी कायदा. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा २०१० चा कायदा. भारतातल्या कुठल्याही संस्थेला परदेशी स्रोताकडून देणगी घ्यायची असेल तर गृह मंत्रालयाकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० साली त्यात दुरुस्ती झाली आणि वाट आणखी अरुंद झाली. आता असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच उतरावा लागतो. तालुक्याच्या शाखेतल्या रोजच्या खात्यात तो चालत नाही. दुसरं, एका संस्थेनं घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. "आमच्या ओळखीची पुण्यातली मोठी संस्था घेईल आणि आम्हाला वळता करेल" असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. २०२० पर्यंत ठरावीक अटींवर असं चालायचं, आता बंद. तिसरं, अशा पैशातला वीस टक्क्यांहून जास्त भाग कार्यालयीन खर्चाला वापरता येत नाही. पूर्वी ही मर्यादा पन्नास टक्के होती.

आता इथे एक बारकावा आहे आणि तो तुम्हाला थेट लागू होतो. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत संस्थेला पैसे देतो, तेव्हा ती परदेशी देणगी धरली जात नाही. ब्रिटिश नागरिकत्व घेतलं, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड हातात आलं, की तोच माणूस परदेशी स्रोत. चार वर्षं म्हणताय म्हणजे तुमचा पासपोर्ट बहुधा भारतीयच असेल. मग तुमच्या पगारातले दोनशे पौंड तुम्ही तुमच्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून त्या अनाथाश्रमाच्या साध्या खात्यावर खुशाल पाठवा. पण वॉर्डातल्या इंग्रज सिस्टरनं दिलेले दहा पौंड तुमच्या खात्यातून गेले म्हणून तुमचे होत नाहीत. ते तिचेच राहतात. पाच हजार पौंड वर्गणीनं जमवायचे आणि "माझी बचत" म्हणून पाठवायचे, किंवा भावाच्या खात्यात टाकून त्याच्याकडून रोख द्यायला लावायचे, हे करू नका. चौकशी आलीच तर ती संस्थेला निस्तरावी लागते.

म्हणून पहिलं काम: अनाथाश्रमाला फोन करा आणि एफसीआरए नोंदणी क्रमांक विचारा. "आहे" एवढं उत्तर पुरेसं नाही. गृह मंत्रालयाच्या एफसीआरए संकेतस्थळावर राज्य आणि जिल्हा निवडला की नोंदणी असलेल्या संस्थांची यादी दिसते. नोंदणी पाच वर्षांची असते, तेव्हा ती आज चालू आहे का ते पाहा. दरवर्षीचं विवरणपत्र भरलंय का तेही संस्थेला विचारा. ज्यांना डिसेंबरअखेर ते भरायचं असतं आणि जे भरत नाहीत, त्यांच्याकडे मुलांच्या जेवणाचा हिशेब तरी कसा असेल, असं माझ्यातल्या खजिनदाराला वाटतं. हे थोडं अन्यायाचं आहे, मान्य. गावाकडच्या संस्थेत एकच माणूस स्वयंपाकाचं रेशनही बघतो आणि ऑनलाइन फॉर्मही भरतो.

नोंदणी नसेल तर? खरं सांगायचं तर चाळीस मुलांच्या तालुक्यातल्या संस्थेकडे ती नसण्याचीच शक्यता जास्त. नोंदणी मागायलाच संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि गेल्या तीन वर्षांत मूळ कामावर पंधरा लाख रुपये खर्च केलेले हवेत. अशा वेळी दोनच सरळ रस्ते उरतात. एक, तुमच्या ओळखीतले भारतीय पासपोर्टवाले गाठा. प्रत्येकानं आपापल्या बचतीतून, आपापल्या खात्यातून, थेट संस्थेला द्यायचं, पावती ज्याच्या त्याच्या नावे. पाच हजार होणार नाहीत, हजार-दीड हजार होतील, पण जूनच्या शाळाखर्चाला ते वेळेवर पोचतील. दोन, इंग्रज सहकाऱ्यांचे पैसे दुसऱ्या एखाद्या संस्थेकडे वळवा, जिची इथे नोंदणी आहे आणि भारतात एफसीआरए असलेली भागीदार संस्था आहे. माहेरच्या गावाची ओढ मला कळते. पण वर्गणी मागताना गावाचं नाव घेतलंत आणि पैसे दुसरीकडे गेले, तर ते वाईट. म्हणून हे आधी ठरवा, मग पान काढा.

आता इथल्या बाजूचं. गोफंडमीवर स्वतःच्या नावानं पान काढलं तर गिफ्ट एड, म्हणजे देणगीवर सरकारकडून मिळणारी भर, मिळत नाही. इथल्या नोंदणीकृत चॅरिटीच्या नावे पान काढलं, जस्टगिव्हिंगवर म्हणा किंवा आणखी कुठे, तर कर भरणाऱ्या दात्याच्या दर पौंडामागे सरकार पंचवीस पेन्स घालतं. दहाचे साडेबारा होतात. पाच हजारांतले चार हजार जरी अशा दात्यांचे असले, तरी वर हजार पौंड आले. रुपयांत लाखाच्या वर, काही न करता. भारतातल्या संस्थेला थेट दिलेल्या पैशावर हे मिळत नाही. मधे इथली चॅरिटी लागतेच, आणि तो पैसा परदेशात योग्य कामाला लागतोय याची खातरजमा करण्याची जबाबदारी त्या चॅरिटीची असते. म्हणून ती तुम्हाला दहा कागद मागेल. चिडू नका. कागद न मागणारी चॅरिटी भेटली तर मात्र जरा सावध व्हा.

गिफ्ट एडमध्ये वॉर्डात हमखास होणारी चूक सांगते. एक सिस्टर पाकीट फिरवते, सगळ्यांकडून पाच-पाच पौंड गोळा करते आणि स्वतःच्या कार्डानं एकशे वीस पौंड पानावर भरते, वर गिफ्ट एडची खूण. ते चालत नाही. पैसा दात्याचा स्वतःचा हवा, नाव आणि घरचा पत्ता त्याचा हवा. गोळा केलेले पैसे भरा, खूण करू नका. तसंच वडापाव विकून आलेले पैसे: घेणाऱ्यानं वडापाव विकत घेतला, देणगी दिली नाही. त्यावरही गिफ्ट एड नाही. विकू नका असं म्हणत नाही मी. थर्मॉसभर चहा आणि चाळीस वडे यांनी आमचा एक अख्खा मजला जिंकला होता.

आणखी एक, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पानावर तुम्ही जो हेतू लिहिता त्याला पैसा बांधला जातो. "अमुक आश्रमाच्या छपरासाठी" लिहिलंत आणि छप्पर कुणी दुसऱ्यानं करून दिलं, तर तो पैसा पुस्तकांना वापरायला दात्यांची संमती शोधत फिरावं लागतं. पहिल्या दिवशीच एक वाक्य घाला: ठरलेल्या कामापेक्षा जास्त जमले किंवा काही कारणानं तिथे पाठवता आले नाहीत, तर चॅरिटी ते अशाच मुलांच्या कामासाठी वापरेल. या एका वाक्यानं माझे दोन उन्हाळे वाचलेत.

इथवरचं एकदा सांगते, कारण क्रम महत्त्वाचा आहे. आधी आश्रमाची नोंदणी, मग इथली चॅरिटी आणि तिचं होकाराचं पत्र, मग पान आणि त्यावरचं ते वाक्य. डोंगर त्यानंतर.

आता 'अनाथ' या शब्दाबद्दल. हे तुम्ही विचारलेलं नाही, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. आपल्या डोक्यात अनाथ म्हणजे आई नाही, बाप नाही. सिंधुताई सपकाळांची भाषणं ऐकत आपण मोठे झालो, डोळे पुसत पाकिटाला हात घातला. पण तुमच्या आश्रमातल्या चाळीस मुलांची चौकशी केलीत तर बऱ्याच जणांची आई जिवंत निघेल. बाप कर्जापायी गेलेला, आई ऊसतोडीला सहा महिने बाहेर, आजीला दिसत नाही, म्हणून मूल इथे. सेव्ह द चिल्ड्रननं २००९ साली मांडलेला अंदाज आहे की जगभरातल्या अशा संस्थांतल्या दर पाच मुलांपैकी निदान चौघांचे आई किंवा वडील हयात असतात. नेपाळात तर काठमांडू, पोखऱ्यासारख्या पर्यटकांच्या वाटेवर आश्रम उगवले आणि आश्रम भरायला डोंगरातल्या खेड्यांतून मुलं आणली गेली. ऑस्ट्रेलियाच्या संसदेनं २०१८ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना या प्रकाराची दखल घेतली. तुमचा आश्रम तसा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण देणगी खाटांच्या संख्येवर यायला लागली की खाटा भरलेल्या ठेवण्याकडे कल जातो. त्यात कुणी दुष्ट असावं लागत नाही.

म्हणून फोनवर पुढच्या गोष्टी विचारा, आवाज चौकशी अधिकाऱ्याचा न ठेवता, माहेरवाशिणीचा ठेवून. बाल न्याय कायद्याखाली संस्थेची नोंदणी आहे ना? २०१५ च्या या कायद्याखाली ती सक्तीची आहे. प्रत्येक मूल जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीच्या आदेशानं आलंय का, की गावातल्या कुणी आणून सोडलंय? गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली? हा तिसरा प्रश्न मी कधीच सोडत नाही. "एकही नाही" हे उत्तर अभिमानानं आलं तर मी थबकते. "सात गेली, त्यांतली दोन परत आली, त्यांचं असं झालं..." असं उत्तर आलं तर मला ते लोक आवडायला लागतात.

हेही विचारा की मुलाला घरी ठेवू शकणाऱ्या आईला संस्था सरकारी योजनेचा फॉर्म भरून देते का. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना २२५० रुपये आहेत, केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये ४००० रुपये. हप्ते रखडतात, ते गावाकडे कुणालाही विचारा. पण फॉर्म भरायला, दाखले गोळा करायला, तालुक्याला चार खेपा घालायला माणूस लागतो. अशा एका कार्यकर्तीचा वर्षाचा पगार तुमच्या पाच हजार पौंडांतून निघू शकतो, आणि ती कदाचित दहा मुलांना आश्रमात यायची वेळच येऊ देणार नाही. देणगीच्या पानावर मात्र हे विकलं जात नाही. लोकांना खाट, दप्तर, गणवेश दिसतो. कार्यकर्तीचा पगार दिसत नाही.

याच्या उलट दुसरं टोक आहे अठरा वर्षांचं. अठरा झाली की मुलाला बालगृह सोडावं लागतं. कायद्यात त्यानंतर एकवीसपर्यंत आधार द्यायची सोय आहे, प्रत्यक्षात जागा थोड्या. विचार करा: अठराव्या वाढदिवसानंतर पत्र्याची पेटी घेऊन पोरगी बाहेर. कुणाच्या घरी दिवाळीला जायचं माहीत नाही, बँकेत पत्ता कुठला लिहायचा माहीत नाही. कॉट बेसिसची अनामत, नर्सिंगच्या प्रवेशाची फी, मेसचे पहिले तीन महिने, एक प्रेशर कुकर. मी गेल्या दोन वेळी पैसे यासाठीच जमवले. तुम्ही नर्स आहात, वॉर्डात "एका मुलीला तिकडे नर्स व्हायचंय" हे तुम्ही दोन मिनिटांत पटवून द्याल. पण हा माझा कल झाला. तुमच्या आश्रमाला आज पाण्याची टाकी हवी असेल तर टाकीच द्या.

फोटोंबद्दल कडक राहा. पानावर मुलांचे चेहरे नकोत, नावं नकोत, "हिचे वडील असे गेले" ही कहाणी तर नकोच. बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाखाली संस्थेतल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी ते मूल वीस वर्षांचं होईल आणि स्वतःचं नाव शोधेल, तेव्हा त्याला काय सापडावं? आम्ही हातांचे फोटो वापरतो, शिवणयंत्राचे, भाकऱ्यांच्या चळतीचे. एका वर्षी दाराबाहेरच्या चपलांची रांग टाकली होती, चाळीस जोड, एकही नवा नाही. आमच्या कुठल्याही फोटोला इतके पैसे आले नव्हते.

आणि "दोन आठवडे जाऊन मुलांसोबत राहू" असं वॉर्डातल्या कुणी म्हणालं तर प्रेमानं नाही म्हणा. दर दोन आठवड्यांनी नवी मावशी येते, जीव लावते, जाते. या मुलांनी माणसं जाताना आधीच पुरेशी पाहिलेली असतात.

आता किलीमांजारो. ५८९५ मीटर, आठवडाभराची चढाई, विमान, परवाने, वाटाडे, हमाल मिळून माणशी काही हजार पौंड. ते स्वतः भरणार असाल तर आनंदानं जा, ती तुमची सुट्टी आहे. पण पुष्कळ चॅरिटी असा सौदा देतात: तुम्ही अमुक रक्कम जमवा, त्यातून सहलीचा खर्च आम्ही करतो. म्हणजे शेजारणीच्या वीस पौंडांतले कितीतरी तुमच्या तंबूला गेले. शिवाय सहलीचा खर्च चॅरिटी करत असेल तर तुम्ही, नवरा, आईवडील, भावंडं यांनी दिलेल्या पैशांवर गिफ्ट एडला अडचण येते, कारण त्याचा फायदा तुम्हालाच होतोय असं धरलं जातं. आपले लोक तर तोंडावर विचारतात, "तुम्ही फिरायला जाणार आणि पैसे आम्ही द्यायचे?" प्रश्न उद्धट आहे, चूक नाही.

मोठ्या डोंगराला मोठे पैसे मिळतात हेही खरं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नव्याण्णव वर्षांच्या कॅप्टन टॉम मूर यांनी घराच्या बागेत, पंचवीस मीटरच्या, चालण्याच्या चौकटीच्या आधारानं शंभर फेऱ्या मारल्या आणि आरोग्यसेवेच्या चॅरिटींसाठी तीन कोटी वीस लाखांहून जास्त पौंड जमले. तसं पुन्हा होणार नाही, ती वेळच वेगळी होती. पण लोक उंचीला पैसे देत नाहीत. ओळखीच्या माणसाला जे जड जाणार आहे हे त्यांना दिसतं, त्याला देतात.

राष्ट्रीय थ्री पीक्सही कुणी सुचवेल: बेन नेव्हिस, स्काफेल पाइक, स्नोडन, चोवीस तासांत. त्यातले कितीतरी तास मिनीबसमध्ये जातात, रात्री गाडी चालवणारा झोपेनं पेंगतो आणि डोंगरपायथ्याची गावं पहाटे तीनला दारं आपटल्यानं जागी होतात. मी सुचवत नाही. लंडन मॅरेथॉनमध्ये चॅरिटीची जागा मिळू शकते, पण ठरलेली रक्कम जमवायचं बंधन येतं आणि ती चॅरिटी त्यांच्या यादीतली असावी लागते.

यॉर्कशायरचं थ्री पीक्स तुमच्या दारात आहे, खर्च जवळजवळ शून्य. पेन-इ-घेंट ६९४ मीटर, व्हर्नसाइड ७३६, इंगलबरो ७२३. मिळून चोवीस मैल, म्हणजे अडतीसेक किलोमीटर, आणि बारा तासांत सुरुवातीच्या होर्टन गावी परत. आपल्या लोकांना आकडे ऐकून हसू येतं. कळसूबाई १६४६ मीटर, बेन नेव्हिससुद्धा तिच्यापुढे तीनशे मीटर कमी. मीही हसले होते. आपल्याकडे पाऊस वरून पडतो. इथे तो आडवा येतो, कानात शिरतो, आणि जूनमध्येही बोटं इतकी गारठतात की चिक्कीचा कागद फाडता येत नाही.

माझं अर्धवट राहिलं ते तिसऱ्या वेळी. पेन-इ-घेंटची शेवटची खडकाळ चढण हात लावून झाली, सगळे खुशीत. त्यानंतरचा मधला टप्पा लांब आणि कंटाळवाणा, रिबलहेडच्या पुलापर्यंत. चोवीस कमानींचा रेल्वेचा पूल, त्याच्या बाजूला चहाची गाडी. तिथे आमच्यातल्या एकीनं बूट काढला. नवे बूट, दोनच आठवडे झालेले. मोजा ओला नव्हता, चिकट होता. टाचेचं कातडं मोज्याबरोबर निघालं. ती म्हणाली, पट्टी लाव, चालते. चालली, व्हर्नसाइडही चढली, फरसबंदी वाटेनं, एकही शब्द न बोलता. इंगलबरोच्या पायऱ्यांसारख्या उभ्या चढाखाली आल्यावर मी घड्याळ पाहिलं, वर ढग टेकलेला पाहिला आणि परतायचं ठरवलं. इंगलबरोचा माथा सपाट मैदानासारखा आहे. आदल्या वर्षी धुक्यात तिथे आम्ही चौघांनी उतरायच्या चार वेगळ्या दिशा दाखवल्या होत्या, होकायंत्रानं पाचवी दाखवली आणि तीच बरोबर होती. लंगडत्या माणसाला घेऊन मी तिथे जाणार नव्हते.

त्या रात्री मी पानावर खरं लिहिलं: दोन डोंगर झाले, तिसरा राहिला, हा टाचेचा फोटो, ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी सांगा. परत कुणीच मागितले नाहीत. उलट तीन दिवसांत आणखी चारशे पौंड आले.

तेव्हा बूट मार्चपासून वापरा, ड्युटीवर नाही तर निदान बाजारहाटाला. ओएल-२ क्रमांकाचा नकाशा आणि होकायंत्र घ्या, निदान दोघींना ते वापरता आलं पाहिजे. मोबाइलच्या भरवशावर राहू नका. काही झालंच तर ९९९ ला फोन करून पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. त्या भागात क्लॅपहॅम गावातली केव्ह रेस्क्यू ऑर्गनायझेशनची माणसं येतात, १९३५ पासूनची स्वयंसेवकांची संस्था, एक पैसा घेत नाहीत. आम्ही दरवेळी जमलेल्या निधीतून नाही, स्वतःच्या खिशातून त्यांना वीस पौंड देतो. खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. जेल आणि बार दुपारी दोननंतर घशाखाली उतरत नाहीत.

पैसे मागण्याबद्दल थोडंसंच. व्हॉट्सॅप ग्रुपवर लिंक टाकली की सगळ्यांना वाटतं दुसरा कुणी देईल. एकेकाला, नावानं, दोन ओळी लिहा. पान जाहीर करण्याआधी पाच जवळच्यांकडून भरवून घ्या, आणि त्यांना जरा सढळ हातानं द्यायला सांगा, कारण पुढचा माणूस वरच्या आकड्याकडे बघून आपला ठरवतो. पहिला पाचाचा असेल तर दहावाही पाचाचाच. संदेश महिनाअखेरीस पाठवा, पगार झाल्यावर. तुमच्या कामाच्या ठिकाणी जमवलेल्या रकमेत भर घालायची सोय आहे का, तेही विचारा. रेल्वे स्टेशनात किंवा रस्त्यावर डबा फिरवायला परवाना लागतो, तो उद्योग करू नका. आणि पैसे पोचल्यावर, सहा महिन्यांनी, दात्यांना एक हिशेब पाठवा: किती जमले, शुल्क किती गेलं, किती रुपये झाले, कशावर खर्च झाले. फार थोडे लोक हे करतात. पुढच्या वर्षी लोक तुम्हालाच पैसे देतात त्याचं कारण हा कागद असतो, डोंगर नव्हे.

तारखेबद्दल शेवटचं. तुमची ड्युटी शिफ्टची आहे, त्याचा फायदा घ्या आणि शनिवार टाळून मंगळवार-बुधवार बघा. जूनच्या शनिवारी होर्टनला इतके टीशर्टवाले जथे येतात की पेन-इ-घेंटच्या फाटकाशी रांग लागते, आणि गाडी लावायला जागा मिळेपर्यंत तुमच्या बारा तासांतला पहिला अर्धा तास गेलेला असतो. लीड्सहून होर्टनपर्यंत थेट रेल्वेही आहे, सेटल-कार्लाइल मार्गावरची. फक्त परतीच्या गाडीची वेळ आदल्या रात्रीच पाहून ठेवा.